दीडशे रुपयांची किल्ली आणि साडेएकतीस हजारांचा ईसीएम

दीडशे रुपयांत साधी किल्ली कापून घेतली नसती, तर मी फसलोय हे मला आजही कळलं नसतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी लेक माहेरी येणार म्हणून गाडी वॉशिंग सेंटरला नेली. हौसेनं बॉनेट उघडून इंजिनही प्रेशरनं धुवून घेतलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं. सणाच्या सकाळी लेक जळगाव स्टेशनवर बॅगा घेऊन उभी आणि इकडे एरंडोलला गाडी सेल्फ मारतेय, पण इंजिन काही धरत नाही. भाच्याला त्याच्या गाडीनं स्टेशनला पिटाळलं, आणि मी टोचन लावून हायवेवरचं एक गॅरेज गाठलं.

गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला आणि पडदा माझ्यासमोर धरला. कोड होता यू०१००. ‘काका, कॉम्प्युटर गेला. पाणी शिरलं. शोरूमला पन्नासच्या खाली नाही. मी नवा बसवतो, अठ्ठावीस हजार. किल्ली कोडिंगचे साडेतीन वेगळे.’

त्या कोडचा अर्थ मला नंतर कळला. इंजिनच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीएमशी, संपर्क होत नाही, एवढंच तो सांगतो. ईसीएम जळला असं सांगत नाही. फोन लागला नाही म्हणून कुणी माणसाचं तेरावं घालत नाही. ईसीएमला करंट पोचत नसेल, रिले अडकला असेल, अर्थिंग सुटलं असेल, तरी तोच कोड येतो. टेस्टर लावून करंट आणि अर्थिंग तपासायला पाच-दहा मिनिटं लागतात. त्यानं ते माझ्यासमोर केलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

दहा हजार मोबाइलवरून दिले, साडेएकवीस रोख. संध्याकाळी पाचला गाडी चालू होऊन दारात. सणाच्या दिवशी नवा ईसीएम पाच-सहा तासांत आला कुठून, हे मनात यायला हवं होतं. पण दारातल्या निंबाला झोका बांधलेला, घरात आमरस. कोण विचार करतो! बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडा लिहून दिला. जुना ईसीएम मागितला तर म्हणाला, ‘तो कंपनीत जमा करावा लागतो.’

जूनमध्ये लेक पुन्हा आली आणि किल्ली आत ठेवून दार लॉक करून बसली. म्हणून एक जादा किल्ली कापून घेतली. किल्लीवाल्यानं बजावलं होतं, ‘हिच्यात चिप नाही. दार उघडेल, गाडी चालू होणार नाही.’ घरी येऊन सहज फिरवून पाहिली, तर पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! बायको म्हणाली, ‘बरंच झालं की, स्वस्तात काम झालं.’ खरं सांगतो, अर्धा दिवस मीही खूश होतो.

मग धुळ्याच्या एका ओळखीच्या ऑटो वायरमनला फोनवर हे सांगितलं. तो हसलाच नाही. ‘गाडी घेऊन या,’ एवढंच म्हणाला.

त्यानं आधी मला डॅशबोर्ड दाखवला. किल्ली ऑन केली की गाडी-कुलपाचं चित्र क्षणभर पेटून विझतं, ते आता पेटतच नव्हतं. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात बिनबॅटरीची बारीक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची रिंग असते, तिच्यातून चिपला करंट मिळतो आणि चिप आपला कोड कळवते. कोड जुळला तरच ईसीएम इंजिन चालू ठेवतो. हे झालं इमोबिलायझरचं काम. माझ्या गाडीतला ईसीएम किल्लीला काही विचारतच नव्हता. गॅरेजच्या भाषेत ‘इमो ऑफ’ केलेला.

स्कॅनरवर ईसीएममधला चासी नंबर काढला आणि माझ्या आरसी बुकाशेजारी धरला. सतरा अक्षरं, शेवटची पाच वेगळी. म्हणजे ईसीएमचा डबा दुसऱ्याच गाडीचा. कुठल्या गाडीचा आणि ती कुठं आहे, देव जाणे. डब्याच्या स्क्रूंवर पान्याचे ओरखडे होते, स्टिकरचा कोपरा उचकटून पुन्हा चिकटवलेला.

मग टॉर्च घेऊन तो खाली वाकला आणि मला बोलावलं. बॉडीला बसणारे अर्थिंगचे दोन बोल्ट. एक गंजून तांबडा, दुसऱ्याला कोरी करकरीत वायसर आणि भोवती कानसीनं घासलेला पत्रा. ‘तात्या, खरा फॉल्ट हाच. हा घासला तेव्हाच गाडी चालू झाली असणार.’ मग हात पुसत अहिराणीत म्हणाला, ‘त्यानी तुन्ही गाडीनं डोकंच बदली टाकं!’

म्हणजे माझा धडधाकट ईसीएम काढून घेतला, दुसऱ्याचा बसवला, आणि त्याचे पैसेही माझ्याकडूनच.

जुना ईसीएम हातात असता, तर तोच परत बसवून चिपवाल्या किल्ल्यांसकट सगळं तासाभरात पूर्ववत झालं असतं. खरंच जळलेला असता, तरी बहुतेक वेळा त्याच्यातला डेटा दुसऱ्या डब्यात उतरवता येतो. म्हणून सांगतो, काम देण्याआधी ईसीएमवरच्या स्टिकरचा आणि त्यातल्या नंबरांचा फोटो काढा, आणि जुना भाग मिळाल्याशिवाय पैसे सोडू नका. आणि ज्यांनी ईसीएमचं काम करून घेतलंय, त्यांनी चिपच्या किल्लीच्या डोक्याभोवती स्वयंपाकघरातल्या फॉइलचे दोन-तीन घट्ट पदर गुंडाळून गाडी चालू करून बघावी. फॉइलमुळे चिपचा कोड पोचत नाही, तरी इंजिन चालूच राहिलं, तर जाणकाराकडून तपासून घ्या. जादा किल्ली जवळपास नको, नाहीतर फुकटचा गोंधळ.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, ‘काका, बिल दाखवा.’ बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यावर समजलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. मोबाइलवरचे दहा हजार, वहीचं पान आणि वायरमननं काढून दिलेले फोटो एवढ्यावर अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी जळगावला देणार.

तोवर गाडी रात्री अंगणात, स्टिअरिंगला सायकलची साखळी गुंडाळून. ती दीडशेची किल्ली अर्जासोबत पाकिटात घातली आहे.