१,५२,७०० रुपयांना धुऊन मिळालेलं इंजिन

आकडा आधीच सांगून टाकतो: एक लाख बावन्न हजार सातशे. एवढ्या पैशांत माझं इंजिन धुतलं गेलं, त्याला काळा रंग मारला गेला आणि एक हेड गॅस्केट नवीन पडलं. बाकी काही नाही.

गाडी २००४ ची मारुती एस्टीम, ५८,००० ला घेतलेली. आजच्या पोरांना हा जुना डबा वाटतो. पण १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ हॉर्सपॉवर आणि नऊशे किलोच्या आत वजन. रॅलीवाल्यांनी आणि ट्रॅकवाल्यांनी ही गाडी वर्षानुवर्षं उगाच वापरली नाही. मी काही मोठा ड्रायव्हर नाही. माळावर आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर ऑटोक्रॉस होतं, एकेक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात, तिथे दोनदा उतरलोय. एकदा शेवटून तिसरा आलो. शेजारचे आप्पा म्हणतात, "आमचा बैल निदान चारा खाऊन पळतो, तुझी गाडी पैसे खाऊन उभीच." तेव्हा हसलो होतो.

घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथे सस्पेन्शनची बुशं, ब्रेक, वायरिंग, सगळं मीच केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन पुली लावून इंजिनही मीच उतरवलं आणि पूर्ण खोललं. तिसऱ्या सिलिंडरला ओरखडे होते, म्हणजे बोअर मारणं, आतून कापून सिलिंडर थोडा मोठा करणं, आलंच. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते कळावं म्हणून आतल्या बाजूला स्क्राइबरने १, २, ३, ४ कोरले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे पैसे ज्याने घेतले तो माणूस कुठे भेटला? ऑटोक्रॉसलाच. दुसऱ्या राज्यातला ट्यूनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून देणारा. त्याच्या रील्स बघितल्या तर डोळे दिपतात. पांढरी फरशी, लाल टूल ट्रॉली, आग ओकणारे सायलेन्सर. "सर, स्टॉक पिस्टन में मजा नहीं, फोर्ज्ड डालते हैं." पन्नास साइज, म्हणजे अर्धा मिलिमीटर जादा बोअर, फोर्ज्ड म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत पिस्टन, रॉड, हेडचं पोर्टिंग, नवीन कॅम, आणि चाकावर शंभर हॉर्सपॉवरची गॅरंटी. माझ्या गावापासून दीड तासावर कोल्हापूरचं उद्यमनगर आहे, जिथे तीन पिढ्या लेथवर उभ्या आहेत. ते सोडून मी इंजिनाच्या पेट्या ट्रान्सपोर्टने हजार किलोमीटर लांब पाठवल्या. कारण उद्यमनगरच्या मिस्त्रींची रील नव्हती.

पैसे कसे गेले ते क्रमाने लिहितो. सप्टेंबरात अॅडव्हान्स ३०,०००. ऑक्टोबरात पिस्टन-रॉड सेटचे ६४,०००. डिसेंबरात "सेट कस्टम में अटका है" म्हणून ११,८००. जानेवारीत हेड आणि कॅमचे २७,५००. मार्चमध्ये जुळणी आणि डायनोचे, म्हणजे रोलरवर ताकद मोजायचे, १६,०००. एप्रिलमध्ये परतीचं भाडं ३,४००. सहा वेळा पैसे, तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवर. एक खातं "भाई का है", एक कुणाचं ते मी विचारलंच नाही. बिल एकही नाही, फक्त व्हॉट्सअॅपवर एस्टिमेट. कस्टम ड्युटी खरंच भरली असेल तर बिल ऑफ एंट्री नावाचा कागद असतो. तो मागा. समोरचा चिडला, तर उत्तर मिळालं असं समजा.

आता ते, जे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

१४ जानेवारी. संक्रांत. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात आहे, सीझन ऐन भरात आणि मला रात्रपाळी. रात्री दीड वाजता फोटो आला. काळ्या हातमोज्यातला चकचकीत पिस्टन, त्याला लावलेला डिजिटल व्हर्नियर, खाली मेसेज: "सर, आपका फोर्ज्ड." व्हर्नियरवरचा आकडा स्वच्छ दिसत होता. ७३.९६.

या इंजिनाचा स्टँडर्ड बोअर ७४ मिलिमीटर. पन्नास साइज म्हणजे ७४.५०. पिस्टन त्यात काही शतांश मोकळा बसतो, म्हणजे माप ७४.४४ च्या आसपास हवं. ७३.९६ हा स्टँडर्ड पिस्टन झाला. पहिलीतल्या पोराची वजाबाकी. रोज गेज कॅलिब्रेट करून रजिस्टरवर सही करणारा मी. माझ्या टेबलाच्या खणात मायक्रोमीटर होता. आणि मी काय केलं? तो फोटो स्टेटसला ठेवला.

बरं, आकडा दिसलाच नाही म्हणावं तर तसंही नाही. दिसला. बोटांनी मोठा करून बघितला. आणि स्वतःलाच समजावलं की फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून मोकळा ठेवला असेल. अर्धवट ज्ञान असं असतं. फोर्ज्ड जास्त फुगतो हे खरं, पण त्यासाठी दोन-चार शतांश जादा सोडतात, अर्धा मिलिमीटर नाही. अर्धा मिलिमीटर सोडला तर पिस्टन बादलीतल्या नारळासारखा वाजेल. सकाळी लॅबमधल्या एका पोराने स्टेटस बघून विचारलं, "सर, हे माप कशाचं?" त्याला मी म्हणालो, "तुला नाही कळायचं." त्या पोराची मी अजून माफी मागितलेली नाही.

फोटो नीट वाचला असता तर पुढचे २७,५००, १६,००० आणि ३,४०० वाचले असते. ४६,९०० रुपये फक्त न वाचलेल्या एका आकड्याचे.

डायनोचं तर त्याहून थोर. मार्चमध्ये व्हिडिओ आला. रोलरवर चाकं फिरतायत, स्क्रीनवर ग्राफ चढतोय, ११२ वर टेकला. मी टाळी वाजवली. अहो, माझी गाडी शेडमध्ये विटांवर उभी, इंजिन त्याच्याकडे, मग रोलरवर चाकं कोणाची? विचारलं, नाही असं नाही. "सर, हमारी टेस्ट गाड़ी में डाल के किया." ठीक आहे म्हणालो. माझं इंजिन दुसऱ्या गाडीत बसवून, वायरिंग जोडून, डायनो करून परत उतरवायचं, आणि हे सगळं १६,००० त? मी घरी एक इंजिन बसवायला दोन रविवार घेतो.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की माणूस गायब झाला नव्हता. दर आठवड्याला फोन उचलायचा, मुलाच्या परीक्षेची चौकशी करायचा. पळून जातो तो चोर, हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हा पळाला नाही. इंजिन परत पाठवलं, तेही थर्माकोलमध्ये गुंडाळून.

एप्रिलच्या शेवटी बसवलं. स्टार्ट झालं, आणि शेडमध्ये डासांची फवारणी केल्यासारखा निळा धूर. त्याचं म्हणणं, "रिंग बैठने दो, पाँच सौ किलोमीटर." धीर धरला, पण तीनशेलाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घेतलं. १०५, ११०, ७०, १०८ पीएसआय. धड इंजिन दीडशेच्या खाली येत नाही. तिसऱ्या सिलिंडरचे सत्तर! मग पुन्हा चेन पुली. हेड उघडलं, खालची ऑइलची टाकी काढली, तिसरा पिस्टन बाहेर ओढला आणि उलटा केला.

आत माझ्याच अक्षरात "३".

शेपटी जरा लांब काढलेला, माझा तो तीन. वरचा कार्बन पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला, एवढंच. म्हणजे संक्रांतीच्या फोटोत काळ्या हातमोज्यात होता तोही बहुधा माझाच पिस्टन. मी माझ्याच जुन्या पिस्टनचं स्टेटस ठेवलं होतं.

ब्लॉक घेऊन उद्यमनगरात गेलो. मिस्त्रींनी काही विचारलं नाही. बोअर चिंधीने पुसला, डायल गेज आत सोडला, वर-मधे-खाली फिरवला, आणि मान वळवून मलाच म्हणाले, "तुमीच वाचा." मी वाचलं. "बोअर कुठं मारलंय ह्याला? स्टँडर्डच हाय की. वर घासलंय तेवढं." खर्च विचारला. बोअरिंग, होनिंग आणि ब्लॉकचं फेसिंग धरून ४,८००. चांगले देशी पिस्टन-रिंगा वेगळ्या. मी तिथल्याच लाकडी बाकावर बसलो. त्यांनी पोराला चहा सांगितला.

म्हणून सांगतो, इंजिन कुणालाही द्या, पण बोअर मारताना स्वतः उभे राहा. नाही जमलं तर पिस्टनवरचा साइजचा शिक्का आणि बोअर गेजचा व्हिडिओ एकाच शॉटमध्ये मागा, ब्लॉकच्या नंबरसकट. आणि पाठवण्याआधी प्रत्येक भागावर अशी खूण करा जी तुम्हालाच माहीत असेल. माझ्या सगळ्या मूर्खपणात तेवढीच एक अक्कल होती, आणि आज तोच पुरावा आहे.

पुरावा आहे म्हणतो, पण तो घ्यायला कोण बसलंय? पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "माणूस परराज्यातला, तिकडे जाऊन तक्रार द्या." मी झिरो एफआयआर म्हणालो. गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे आता नवीन कायद्यातच आहे. तर म्हणाले, "फार वाचता वाटतं तुम्ही." मग, "इंजिन परत मिळालं ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." पिस्टन काढून टेबलावर ठेवला. तो हातात घेऊन हवालदार म्हणाला, "ह्याचा अॅशट्रे मस्त होतो."

त्याहून वाईट पुढे. "गाडी रेसची? मॉडिफाय करत होता? आरटीओची परवानगी?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीने बनवली त्यापेक्षा गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलंय. हे मलाही माहीत आहे. मोठी सायलेन्सर लावून रात्री गावातून फटाके फोडत जाणाऱ्यांवर ते लावा की! माझी गाडी ऑटोक्रॉसला दुसऱ्या गाडीमागे ओढून नेतो. पण त्या दिवशी मी फिर्यादी म्हणून आत गेलो आणि आरोपी झाल्यासारखा बाहेर आलो. याच भीतीने आमच्या छंदातले किती जण गप्प बसले असतील, आणि ते त्या ट्यूनरला बरोब्बर माहीत आहे.

बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलात ना सर?" हो, मीच टाकला. सहा वेळा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करायचा तो पैसे गेल्या-गेल्या, तासाभरात, म्हणजे पुढच्या खात्यात अडवता येतात. माझा पहिला हप्ता आठ महिन्यांपूर्वीचा. तुमचं ताजं असेल तर हे वाचत बसू नका, आधी फोन लावा.

पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज केला, पोच आली, उत्तर नाही. मग ग्राहक आयोगात तक्रार टाकली. तिथे एक बरं आहे, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. पण वकील म्हणाले, काम झालंच नाही हे तज्ज्ञाने लिहून द्यावं लागेल. उद्यमनगरच्या मिस्त्रींचा चिटोरा चालणार नाही. एका सरकारी तंत्रसंस्थेत गेलो. विभागप्रमुख म्हणाले, "आयोगाचं पत्र आणा, मग तपासतो." पत्रासाठी अर्ज केला, तर आधी समोरच्याला नोटीस लागू दे. नोटीस "पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही" म्हणून परत आली. पांढऱ्या फरशीचं ते गॅरेजच भाड्याचं होतं, शूटिंगसाठी घेतल्यासारखं. पैसे पाठवण्याआधी निदान जीएसटी नंबर मागून पोर्टलवर टाकून बघा, पत्ता आणि नाव दोन मिनिटांत दिसतं. मी ते दहाव्या महिन्यात केलं. नंबरच नव्हता.

मोटरस्पोर्टमधल्या ओळखीच्या लोकांना सांगितलं. दोघे म्हणाले, "आमचंही झालं होतं, बोललो नाही." बोललो नाही! ८०,००० आणि १,१०,०००. ते बोलले असते तर मी वाचलो असतो, आणि मी आता बोलतोय तर मलाच सांगतात की नाव घेऊ नकोस, वाद होतील.

दरम्यान वकिलांचा हुकूम आहे की इंजिनाला हात लावायचा नाही, तो पुरावा आहे. त्यामुळे गाडी विटांवर, ब्लॉक गोणपाटात, आणि ४,८०० चं काम वर्षभर अडलेलं. मिस्त्री मधून मधून फोन करतात, "ब्लॉक कवा आणताय?" तिसरा पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवलाय, तारखेला नेतो, न उघडता परत आणतो.

आणि एक राहिलं. घरी मी नव्वद हजार सांगितले होते. तू हे वाचणार हे मला माहीत आहे. उरलेल्या ६२,७०० चं संध्याकाळी बोलू, पोरं झोपल्यावर.