20 किलोचा डंबेल सेट: शिगमो ते चवथ, फोंड्यातला वापर

शिगम्याच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, सुमारास घेतलेला सेट चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली तरी वापरात आहे, म्हणून आता लिहिते. सेटमध्ये 14 इंची दोन रॉड, चार स्टार नट (प्लेटा घट्ट धरणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चाव्या) आणि अडीच-अडीच किलोच्या आठ प्लेटा. प्लेटा बाहेरून पीव्हीसी, आत सिमेंट. वेगळा घेतलेला एक लांब रबरी बँड आणि मॅट. वय चाळिशीपुढचं, जिमची पायरी कधी चढले नाही. हाडं आणि स्नायू धड राहावेत एवढीच अपेक्षा.

खोक्यावर 20 किलो वाचून बरं वाटतं, पण हिशेब मांडून बघा. प्लेट एकाच बाजूला घालून चालत नाही, दोन्हीकडे एकेक लागते. म्हणजे एका डंबेलचं वजन एकदम पाच किलोने वाढतं. रॉड आणि नट मिळून साधारण दोन किलो धरले, तर जोडीने वापरायला तुमच्याकडे वजनं उरतात 2, 7 आणि 12. बस्स. गॉब्लेट स्क्वॉट (वजन छातीशी धरून बैठक) किंवा स्टुलावर हात टेकून वजन वर ओढायचं रोइंग यांना हे चालून जातं, पाय आणि पाठ लवकर तयार होतात. खांद्यांचं तसं नाही. ओव्हरहेड प्रेसमध्ये, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर ढकलताना, 7 किलो बारा वेळा आरामात जायचे आणि 12 किलो एकदाही डोक्यावर जाईनात.

मग 1.25 किलोच्या चार लोखंडी प्लेटा मडगावहून आणल्या. (रॉड सोबत न्या, भोकाचं माप दुकानागणिक बदलतं.) आता पायऱ्या झाल्या 4.5, 7, 9.5, 12. खांद्याला 7 वरून 9.5 हीसुद्धा मोठीच उडी. तिथे मनगटाला बांधायची अर्ध्या किलोची वजनं कामी आली. शिवाय वजन खाली आणताना मनात तीन आकडे मोजायचे, तेच वजन जड वाटायला लागतं. व्यायामाच्या सगळ्या सेटना, म्हणजे फेऱ्यांना, बारा-बारा वेळा झालं की पुढची पायरी. माझं मत विचाराल तर नवख्याने एकूण किलो किती हे बघूच नये. कमीत कमी किती वाढवता येतं ते विचारावं.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तासाच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून निदान दोन दिवस सांगितलाय, त्यामुळे एखादा दिवस बुडला तरी मन खात नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, ती बरीचशी मज्जासंस्था काम शिकते म्हणून. स्नायू दिसायला वेळ लागतो. आरशाकडे तेव्हा बघू नका.

आता पावसाळा. खोकं घरात आलं तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, “लोखण हाडलां, आतां ताका तेल कोण लायतलो?” (लोखंड आणलंय, आता त्याला तेल कोण लावणार?) जूनमध्ये उत्तर मिळालं. रॉडचा क्रोम सगळीकडे सारखा जात नाही. मुठीखालच्या खरखरीत भागात घाम साचतो, तिथे आधी बारीक काळे ठिपके येतात आणि मग एका सकाळी तळहातावर नारिंगी डाग. आता व्यायाम झाला की कोरडं फडकं, आणि दर रविवारी खोबरेलाचा अगदी पुसट हात. जास्त लागलं तर पकड निसटते. लादीला पाणी सुटतं म्हणून सगळं एका जुन्या पाटावर ठेवलंय. सिमेंटच्या प्लेटा गंजत नाहीत हे खरं, पण एकीची शिवण उकलून राखाडी भुकटी गळायला लागली. त्या जाडही इतक्या, की 12 किलोच्या पुढे नटाला पुरेसे आटे उरत नाहीत. तिथे थांबा, डोक्यावर धरायची वस्तू आहे ती. मॅटला खालून बुरशी आली, पंख्याखाली उभी करून वाळवल्यावर निघाली. बँड मात्र पावसाने गेला नाही, मे महिन्यात खिडकीशी टांगून राहिल्याने उन्हाने चिरला. नवा आणलेला पावडर लावून कपाटात असतो.

आमच्याकडे येणारे एक काका म्हणतात, जोर-बैठका काढा, हे सगळं कशाला? बैठकांचं पटतं. पण जोरात आपण जमीन ढकलतो, ओढणं त्यात येत नाही, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या पाठीला नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी पुल-अप बार लावायचा विचार होता. मिस्त्रीने भिंत ठोकून बघितली आणि सांगितलं, हा जुना चिरा (जांभा दगड) आहे, वर गिलावा, माणसाचं वजन बोल्टवर टिकायचं नाही. तेव्हा बार बाद. रोइंग आणि बँडवर भागवतेय.

खाण्याचं थोडक्यात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. वजन उचलणाऱ्याला त्याहून जास्त लागतात. बांगडा असतो तोवर चिंता नाही, श्रावणात अळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटणाची उसळ, आणि मूग वाढवावे लागले. पावडरचा डबा घेतला नाही.

काट्यावरचा आकडा जवळपास तिथेच आहे. पण भरलेला गॅस सिलिंडर, म्हणजे सगळा मिळून तीसेक किलो, आता मी एकटी उचलून स्वयंपाकघरात ठेवते, आणि कंबर दुसऱ्या दिवशी तक्रार करत नाही.

पैशांच्या मानाने सेट वाईट नाही. पुन्हा घ्यायचा झाला तर रॉड हेच, प्लेटा लोखंडी, त्यातल्या निदान चार 1.25 च्या. आणि स्टार नट सुटे मिळतात का ते दुकानात आधीच विचारा. आतली रबरी कडी ढिली झाली की नट व्यायामाच्या प्रत्येक फेरीनंतर आवळावा लागतो. माझ्या चारांपैकी एकाची गेलीय, आणि दुकानदार म्हणतो, नवा सेटच घ्या.