मानहाइम युनिव्हर्सिटी, मास्टर्स इन मॅनेजमेंट: पहिल्या टर्मचा रिव्ह्यू

मला खूप जण विचारतात की जर्मनीतलं मानहाइम कसं आहे, तिकडे यावं का, आणि दरवेळी तेच तेच व्हॉइस नोटमध्ये सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मी सांगलीची, पुण्यातून बीबीए केलं, ऑगस्ट २०२४ च्या शेवटी इथे आले, गणपतीच्या अगदी तोंडावर, त्यामुळे घरचा गणपती व्हिडिओ कॉलवरच बघितला. हा रिव्ह्यू फक्त पहिल्या टर्मचा आहे, सप्टेंबर ते डिसेंबर.

आधी एक घोळ मिटवते कारण आपल्याकडे एजंट लोक सर्रास गल्लत करतात. मानहाइमचा एमबीए वेगळा, तो महागडा आणि कामाचा अनुभव असलेल्यांसाठी. मी करतेय तो युनिव्हर्सिटीचा दोन वर्षांचा मास्टर्स, इंग्लिशमध्ये, सरकारी युनिव्हर्सिटी, १२० क्रेडिट. फी म्हणाल तर आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या मुलांना या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, सेमिस्टरला १५०० युरो पडतात आणि वर थोडी सेमिस्टरची वर्गणी, बास. एवढ्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलसाठी हे पैसे काहीच नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. १९०७ साली व्यापार शिकवायची शाळा म्हणून हे सुरू झालं, १९६७ ला युनिव्हर्सिटी झाली, आणि वर्ग भरतात चक्क राजवाड्यात. खराखुरा राजवाडा, पिवळ्या भिंती, समोर भलंमोठं अंगण, पहिल्या दिवशी मी पाच मिनिटं नुसती उभी होते.

गावाची रचना वेगळीच आहे, मधल्या भागात रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनी ब्लॉक आणि त्यांना अक्षर नि आकडा. राजवाड्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला ए ते के, उजव्या हाताला एल ते यू. माझ्या टाइमटेबलवर 'ए ५, ६' लिहिलेलं होतं आणि मी ती खोली समजून राजवाड्यातच शोधत बसले, शेवटी एका सफाईवाल्या काकूंनी हाताला धरून बाहेर आणलं आणि बोटाने दाखवलं की ती समोर रस्त्यापलीकडची बिल्डिंग.

आता मुख्य मुद्दा. इथे तुम्हाला कोणी विचारत नाही. लेक्चरला हजेरी नाही, इंटर्नल नाही, सबमिशनच्या आदल्या दिवशी ओरडणाऱ्या मॅडम नाहीत, तुम्ही आलात काय नि नाही आलात काय. अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स असे गट आहेत, त्यातून विषय आपणच निवडायचे, कुठला प्रोफेसर कधी कोणता विषय घेतो ते आपणच बघायचं, आणि परीक्षेचं रजिस्ट्रेशनसुद्धा वेगळं, आपलं आपण, तारखेच्या आत. दुसऱ्या शहरात शिकणारी माझी एक मैत्रीण ती तारीख विसरली आणि तीन महिने अभ्यास करून तिला त्या विषयाच्या परीक्षेला बसता आलं नाही. एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात आणि टर्मला ३० क्रेडिट, करा हिशोब. मला पहिले तीन आठवडे वाटत होतं की केवढा निवांत वेळ आहे, लेक्चर तर आठवड्याचे थोडेच तास, आणि ऑक्टोबर लागला तेव्हा कळलं की सगळे जर्मन पोरं-पोरी सकाळी आठपासून लायब्ररीत बसून आहेत आणि मी चार आठवडे मागे आहे.

ग्रुपवर्कबद्दल जास्त लिहिते कारण त्यातच मी सगळ्यात जास्त शिकले. आमचा चौघांचा ग्रुप, दोन जर्मन, एक इटालियन आणि मी. पहिली मीटिंग दहाला होती, मी दहा वाजून सात मिनिटांनी पोचले, ट्रॅम चुकली होती. कोणी काही बोललं नाही, हसून हॅलो केलं, पण काम सुरू झालेलं होतं, आणि संध्याकाळी मीटिंगचे मुद्दे आले त्यात माझ्या नावापुढे तो भाग होता जो मला अजिबात नको होता, डेटा साफ करायचा. उरलेल्यांनी वाटून घेतलं होतं. पुढच्या वेळेपासून मी पावणेदहाला दारात उभी.

आणि ती स्लाइडची गोष्ट. मी दोन रात्री जागून एक स्लाइड केली होती, रंग, आयकॉन सगळं. ग्रुपमधल्या मुलाने बघितली आणि म्हणाला, "ही काढून टाकूया, यात काही नाहीये." एवढंच. आपल्याकडे कसं, छान झालंय गं, फक्त इथे जरा बघ, असं गोल गोल सांगतात, त्याची सवय असल्यामुळे मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं, ट्रॅममध्ये डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी तोच मुलगा दोन तास माझ्या शेजारी बसून एक्सेलमधलं मॉडेल समजावत होता, स्वतःचा अभ्यास बाजूला ठेवून. त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, स्लाइड वाईट होती म्हणून वाईट म्हणाला. खरंच त्यात काही नव्हतं, आज ती उघडली की मलाही दिसतं.

प्रोफेसर लोक चांगले आहेत, तयारीने येतात, ईमेलला दोन ओळींचं का होईना उत्तर देतात, भेटायचं तर आधी वेळ घ्यावी लागते. पहिलं लेक्चर संपलं तेव्हा अख्खा हॉल बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करायला लागला आणि मी दचकले, वाटलं काहीतरी निषेध वगैरे चाललाय. ती टाळ्यांच्या जागची पद्धत आहे. आता माझाही हात आपोआप बाकावर जातो.

राहायचं बघाल तर हा सगळ्यात त्रासाचा भाग आणि याचा युनिव्हर्सिटीशी संबंध नाही. स्टुडंट हॉस्टेलला प्रचंड वेटिंग असतं, ॲडमिशन आली त्याच दिवशी अर्ज टाका. मला एकाने खोलीचे सुंदर फोटो पाठवले, चावी कुरिअरने येईल म्हणाला आणि आधी डिपॉझिट मागितलं, बाबांनी अडवलं म्हणून वाचले. खोली बघितल्याशिवाय एक पैसा पाठवू नका, आणि डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागताच येत नाही हे लक्षात ठेवा. राहायला गेलं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो देणार का हे आधीच विचारा. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं आणि नंतर दरमहा ठरावीक पैसे देणारं खातं, त्याला माझ्या वेळी ११,२०८ युरो भरावे लागले, महिन्याला ९३४ हातात. १ सप्टेंबर २०२४ पासून ते ११,९०४ झालं.

जेवण ठीक. राजवाड्याजवळ मेन्सा आहे, म्हणजे कँटीन, स्वस्त आणि पोटभर, व्हेज रोज मिळतं पण चव अळणी. मी आईने दिलेली कांदा-लसूण चटणी छोट्या डबीत घेऊन जायचे, आमची इटालियन मैत्रीण डिसेंबरपर्यंत ती पास्त्यावर घालायला लागली होती. सामान मार्केट चौकातल्या तुर्की दुकानांतून घ्या, कोथिंबिरीची जुडी भलीमोठी मिळते, डाळी मिळतात. रविवारी दुकानं कडकडीत बंद.

बंद वरून आठवलं. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं आणि त्या दिवशी इथे सगळ्या संतांचा सण, सरकारी सुट्टी, एक दुकान उघडं नाही. मी विचार केला होता की दुपारी दूध आणि साखर आणून बासुंदी करू. काही नाही, शेजारच्या खोलीतल्या तैवानच्या मुलीकडून अर्धा लिटर दूध मागून आणलं, ती पण पणती लावायला आली, खिडकीत एकच लावली कारण धुराचा अलार्म वाजायची भीती. त्याच्या आधीच्या रविवारी घड्याळं मागे गेली होती, घरच्या आणि इथल्या वेळेत साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक पडला, त्यामुळे मी फोन करेपर्यंत घरची पूजा आटपून सगळे फराळाला बसलेले. नोव्हेंबर जड जातो, हे मी कोणापासून लपवणार नाही. साडेचार-पावणेपाचला अंधार. इंटरनॅशनल मुलांसाठी विद्यार्थ्यांचाच एक ग्रुप आहे, त्यांच्या भेटीगाठींना जा, खोलीत बसून राहू नका, मी ऑक्टोबरमध्ये गेलेच नाही आणि त्याचा पश्चात्ताप झाला.

परीक्षा डिसेंबरमध्ये, माझ्या दोन विषयांत शंभर टक्के मार्क त्या एका पेपरवर. मार्क उलटे, १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० म्हणजे नापास. फायनान्समध्ये मला ३.३ मिळाले आणि मला समजेचना कारण उत्तरं सगळी बरोबर आली होती. इथे तपासलेला पेपर जाऊन बघता येतो, मी वेळ घेऊन गेले. असिस्टंटने पेपर समोर ठेवला, पेन-फोन बाजूला. आकडे खरंच बरोबर होते. पण तीन प्रश्नांत आकड्याखाली एक ओळ लिहायची होती, हा प्रोजेक्ट घ्यायचा की नाही आणि का, आणि तिथे माझी कोरी जागा. घ्यायचा की नाही हे कोणीतरी वरचा ठरवेल असं माझ्या डोक्यात कुठेतरी बसलेलं होतं बहुतेक. असिस्टंट म्हणाली, "आकडा कॅल्क्युलेटर पण देतो, आम्हाला तुझा निर्णय हवा होता."

जानेवारीत वर्ग नसतात, दुसरी टर्म फेब्रुवारीत सुरू होते, तर तो महिना जर्मन शिकायला वापरा, वर्गात लागत नाही पण नोकरीला आणि घरमालकाशी बोलायला लागतंच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो खोल्यांच्या टंचाईसाठी. आणि कुकर घेऊन या, तीन लिटरचा, जास्तीची शिटी आणि रिंग सकट.