आधी माप, मग किंमत : सीपी असलेल्या मुलीसाठी घेतलेल्या दोन खुर्च्यांचे परीक्षण

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) असलेल्या मुलासाठी चाकाची खुर्ची घ्यायला गेले की बहुतेक ठिकाणी किंमत आधी सांगितली जाते आणि माप शेवटी, तेही घाईत घेतले जाते. हा क्रम उलटा असायला हवा, असे दोन वेगवेगळ्या खुर्च्या वापरून झाल्यावर माझे ठाम मत झाले आहे. आमच्याकडची एक खुर्ची दिव्यांगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून मिळालेली आहे; थेरपी केंद्रांत तिला सगळे ‘सीपी चेअर’ म्हणतात. दुसरी पुण्यातील एका पुनर्वसन साहित्याच्या दुकानातून मापाने बनवून घेतलेली टिल्ट (बैठकीसकट मागे झुकणारी) व्हीलचेअर आहे. मुलगी सात वर्षांची आहे. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण अशा दुकानांतली सेवा दारावरच्या पाटीपेक्षा त्या दिवशी टेप हातात घेणाऱ्या माणसावर अवलंबून असते आणि ती माणसे बदलत राहतात.

कोणते साधन घ्यावे हे ठरवण्याआधी मुलाची जीएमएफसीएस (सीपी असलेल्या मुलाच्या हालचालींच्या क्षमतेचे वर्गीकरण) पातळी फिजिओथेरपिस्टकडून लिहून घ्यावी. १९९७ मध्ये कॅनडातील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या या वर्गीकरणात पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरचे मूल कोणत्याही साधनाशिवाय चालते, तर पाचव्या पातळीवरच्या मुलाला मान आणि धड सावरण्यासाठीही आधार लागतो. आमची मुलगी चौथ्या पातळीवर आहे, म्हणजे थेरपीच्या खोलीत ती चौकट पाठीमागे राहणाऱ्या वॉकरमध्ये पावले टाकते, पण त्या वॉकरने शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत जाणे तिला झेपणारे नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांची भीती ठरलेली असते : एकदा खुर्चीची सवय लागली की पोर चालायचीच नाही. या भीतीपायी खुर्ची पुढे ढकलत नेणारी घरे मी पाहिली आहेत. आमच्या फिजिओबाईंनी माझ्या सासूबाईंना दिलेले उत्तर मला पुरेसे वाटले : “आजी, वर्गात पोहोचेपर्यंतच ती दमली, तर फळ्याकडे बघणार कधी?” वॉकर, गेटर (गुडघे सरळ ठेवणारे पट्टे) आणि स्टँडिंग फ्रेम (आधाराने उभे राहण्याची चौकट) यांवरचा व्यायाम चालूच ठेवायचा असतो, खुर्ची त्याच्या जागी येत नाही.

सीपी चेअरविषयी आधी चांगले लिहिते, कारण फुकट किंवा निम्म्या किमतीत मिळणाऱ्या वस्तूला नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पाठ सरळ ठेवणारी टणक बैठक, मांड्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून मधे बसवलेला गादीचा ठोकळा, छातीचा आणि कमरेचा पट्टा, खालीवर करता येणारी पायटेकणी आणि समोरचा ट्रे, एवढे सगळे तिच्यात आहे. जेवताना आणि चित्रे रंगवताना आजही आम्ही हीच खुर्ची वापरतो. कोपर ट्रेवर टेकले की मुलीचा हात स्थिर होतो आणि चमचा तोंडापर्यंत जातो, हा फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. मात्र ही घरात बसण्याची खुर्ची आहे, फिरण्याची नाही. चाके लहान आहेत, वजन बरेच आहे आणि ती ठरावीक आकारांत येते, त्यामुळे कंबरेच्या दोन्ही बाजूंना उरलेली जागा ऑक्युपेशनल थेरपिस्टने टणक फोम कापून भरून दिली. हे काम कोणत्याही योजनेच्या कागदावर नसते, पण ते झाल्याशिवाय खुर्ची आमच्या उपयोगाची नव्हती.

आता दुसरी खुर्ची, आणि तिच्या निमित्ताने माप. रुग्णालयात दिसणाऱ्या नेहमीच्या व्हीलचेअरची बैठक साधारण १८ इंच रुंद असते. सात वर्षांच्या मुलाची कंबर बसल्यावर त्याहून बरीच अरुंद भरते. मोठ्या खुर्चीत असे मूल एका बाजूला कलंडते, तसेच तासन्‌तास बसते आणि आधीच कमकुवत असलेल्या पाठीच्या कण्याला वाकण्याची वाट मोकळी होते. पालक मात्र शाळेच्या गणवेशासारखा हिशेब करतात : अंग वाढते आहे, दोन इंच सैल घेऊ. दुकानातल्या तंत्रज्ञाने हा आग्रह शांतपणे मोडून काढला, याचे मला कौतुक वाटते. त्याने मुलीला टणक बाकावर बसवले, ओटीपोटाची दोन्ही हाडे एका रेषेत येतात का ते हाताने चाचपले आणि मगच टेप लावली. रुंदी कंबरेच्या सर्वांत रुंद भागाला, दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून घेतली. खोली कुल्ल्याच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या खळगीपर्यंत मोजली आणि त्यातून दोन-तीन बोटे कमी केली, कारण बैठकीची कड खळगीत रुतली की मूल पुढे घसरते. पायाची उंची एएफओ (घोटा आणि पाऊल सरळ धरणारा स्प्लिंट) आणि बूट घालून मोजली. स्प्लिंटच्या जाडीने पायटेकणीची जागा बदलते, हे बऱ्याच विक्रेत्यांच्या लक्षातही येत नाही.

टिल्ट की रिक्लाइन, हा प्रश्न प्रत्येक दुकानात येईल. रिक्लाइनमध्ये फक्त पाठ मागे जाते, त्यामुळे कंबरेचा कोन उघडतो. ज्या मुलांचे स्नायू ताठ होतात, त्यांचे अंग अशा वेळी धनुष्यासारखे ताणले जाऊन बैठकीवरून पुढे सरकते, आणि पुन्हा सरळ बसवले तरी ते जागेवर येत नाही. टिल्टमध्ये पाठ आणि बैठक एकत्र मागे झुकतात, कंबर आणि गुडघ्यांचे कोन तेच राहतात आणि शरीराचा भार कुल्ल्यांवरून पाठीवर सरकतो. रिक्लाइन खुर्ची बरीच स्वस्त पडते म्हणून ती सुचवली जाते. अशा स्पास्टिक, म्हणजे स्नायू ताठ होणाऱ्या मुलासाठी थेरपिस्टने स्पष्ट लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नये. कमरेचा पट्टाही पोटावरून नव्हे, तर मांडी आणि पोट मिळतात तिथून, खाली आणि मागे तिरका गेलेला असावा.

ही खुर्ची पन्नास हजारांच्या आसपास पडली. परदेशी बनावटीच्या टिल्ट खुर्च्या लाखाच्या पुढे जातात. बैठकीची खोली आणि पायटेकणी वाढत्या वयाबरोबर सरकवता येते, रुंदीला थोडाच वाव आहे. पुढची चाके आम्ही आठ इंचांची मागितली, कारण पाच इंचांची भरीव चाके पेव्हर ब्लॉकच्या फटींत आणि गटाराच्या जाळीत अडकतात. खुर्ची सांगितलेल्या तारखेला आली नाही, आणि आली तेव्हा एका बाजूची पायटेकणी वर होती. फिटिंगच्या दिवशीच ती पैसे न घेता नीट करून मिळाली, पण उशिराबद्दल आम्ही फोन करेपर्यंत कोणीही कळवले नाही, हे सांगायला हवे. पहिल्या काही महिन्यांतली दुसरी फिटिंग किमतीत धरलेली होती. खरेदी करताना हा एक मुद्दा पावतीवर लिहून घ्यावा, बाकीच्या सवलती सोडल्या तरी चालतील.

पैशांची बाजू जरा सविस्तर लिहिते. एडिप योजना १९८१ पासून चालू आहे. तिच्यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे) काम सर्वांत आधी उरकावे. मुलाच्या बाबतीत पालकांचे उत्पन्न धरतात : महिना २२,५०० रुपयांपर्यंत पूर्ण किंमत आणि ३०,००० रुपयांपर्यंत निम्मी किंमत योजनेतून मिळते. आम्ही दुसऱ्या टप्प्यात बसत असल्याने सीपी चेअरची निम्मी रक्कम भरली. कानपूरची सरकारी कंपनी ॲलिम्को, राष्ट्रीय संस्था आणि काही स्वयंसेवी संस्था ही योजना शिबिरांतून राबवतात. आधी तपासणीचे शिबिर होते आणि पुढे वाटपाचे. मुंबईच्या हाजीअली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेसारख्या ठिकाणी, जिथे डॉक्टर, थेरपिस्ट आणि कार्यशाळा एकाच आवारात आहेत, तिथे तपासणी करून घेता आली तर शिबिराच्या गर्दीपेक्षा ते केव्हाही बरे.

या योजनेतली एक अट फार कमी पालकांना ठाऊक असते. त्याच कारणासाठी गेल्या तीन वर्षांत कोणत्याही स्रोताकडून मदत घेतलेली नसावी, असा नियम आहे. १२ वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एका वर्षाची आहे. ‘कोणत्याही स्रोताकडून’ या शब्दांकडे नीट पाहावे. एखाद्या मंडळाने किंवा क्लबने फोटोसकट वाटलेली मोठ्या माणसाची व्हीलचेअर केवळ मिळते म्हणून घरी आणली, तर ती मापाची नसतेच, शिवाय मापाची खुर्ची मागण्याचा मार्गही वर्षभर अडू शकतो. नम्रपणे नको म्हणावे. मोटार लावलेल्या तिचाकीची चौकशीही अनेक पालक करतात. ती या योजनेत १६ वर्षांनंतरच मिळते.

शाळेत जाणाऱ्या मुलासाठी दुसरे दार समग्र शिक्षा अभियानाचे आहे आणि त्यासाठी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटावे. तिथे उपकार मागितल्यासारखे बोलण्याचे कारण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठराव्या वर्षापर्यंत योग्य सहायक साधने विनामूल्य देण्याची तरतूद शासनाने आणि स्थानिक संस्थांनी करायची आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांचा दिव्यांगांसाठी राखीव असलेला ५ टक्के निधी हा तिसरा मार्ग. आमच्या टिल्ट खुर्चीचा काही भाग त्यातून आला, काही भाग मुलीच्या मामाने दिला आणि उरलेले आमचे. या निधीच्या अटी गावागणिक बदलतात आणि पैसे बहुधा आधी स्वतः भरावे लागतात, म्हणून कोटेशनवर थेरपिस्टची शिफारस आणि मापे जोडून अर्ज करावा. नुसत्या ‘व्हीलचेअर’ या शब्दावर मंजुरी मिळाली तर रक्कमही साध्या खुर्चीचीच मिळते. आयकर भरणाऱ्यांना जुन्या करप्रणालीत दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

या सगळ्या मार्गांत पैसे वस्तूला मिळतात. माप, फिटिंग आणि दुरुस्ती यांना स्वतंत्रपणे कोणीच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये व्हीलचेअर पुरवण्याचे आठ टप्पे सांगितले, त्यात निधी आणि मागणी मिळून एकच टप्पा आहे. तपासणी, फिटिंग, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल हे वेगळे टप्पे आहेत. आपल्याकडे त्या एका टप्प्यावरच सगळ्यांची दमछाक होते. म्हणून दुकानाला गुण द्यायचेच तर माप आणि फिटिंगसाठी पाचपैकी पाच, वेळ पाळण्यासाठी दोन.

शेवटी, ही टिल्ट खुर्ची कोणी घेऊ नये तेही सांगते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये, कारण मूल खाली ठेवून एकट्या माणसाने ती जिन्यावरून नेणे शक्य नाही. ती रिक्षात सुटे भाग केल्याशिवाय मावत नाही आणि एसटीत नेण्याचा विचारही करू नये. अशा घरांनी घरासाठी सीपी चेअर आणि बाहेरसाठी घडी होणारी, धडाला आधार देणारी बग्गी (बाबागाडीसारखी ढकलायची खुर्ची) असा जोड पाहावा. ज्यांच्या घरी ती मावेल, त्यांनीही मागणी नोंदवण्याआधी न्हाणीघराच्या दाराची रुंदी मोजून न्यावी. खुर्चीच्या पत्रकावरची रुंदी बैठकीची असते आणि दारातून जायची ती चाकांसकटची.