डब्यावर 90 टक्के, टाकीत 36 हजार: आर्टेमियाच्या नावाखाली झालेली फसवणूक

आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखा इवलासा जीव; त्याची सुप्त अंडी पाण्यात उबवून निघालेली पिल्ले माशांच्या पिल्लांना खाऊ घालतात. माशांची नाजूक पिल्ले वाढवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला आर्टेमियाचे डबे विकत घ्यावेच लागतात, आणि नेमक्या याच गरजेवर काही लोक दरोडा घालत आहेत. मी 454 ग्रॅमचे 24 डबे, म्हणजे एकूण 10 किलो 896 ग्रॅम सिस्ट (कवचातील सुप्त अंडी), घेतले. मागणी नोंदवताना 70 टक्के आणि माल निघाल्याचे कळल्यावर उरलेली 30 टक्के, अशी संपूर्ण रक्कम मी चुकती केली. प्रत्येक डब्यावर ‘ग्रेट सॉल्ट लेक, उबवण 90 टक्के’ असे ठळक छापलेले होते. चांगल्या, स्वच्छ मालाच्या एका ग्रॅममध्ये साधारण अडीच लाख सिस्ट असतात, त्यामुळे 90 टक्क्यांच्या हिशेबाने एका ग्रॅममधून सव्वादोन लाख पिल्ले निघायला हवी होती. प्रत्यक्षात मोजणी 36,000 भरली. याचा अर्थ कबूल केलेल्या मालापैकी 16 टक्के माझ्या पदरात पडला आणि उरलेल्या 84 टक्के पैशांत मी रिकामी कवचे, बारीक मीठ आणि मेलेली अंडी विकत घेतली.

नमुना चांगला द्यायचा आणि माल भलताच पाठवायचा, ही रीत कोणाला नवी नाही, म्हणून तिचे वर्णन लांबवत नाही. मात्र मी डोळे मिटून पैसे पाठवले असे कोणी समजू नये. आलेला नमुना मी नियमाप्रमाणे लावला होता: लिटरमागे 30 ग्रॅम मीठ, 28 अंश तापमान, तळापासून जोरदार हवा आणि वर सतत प्रकाश. 24 तासांत पाणी नारिंगी झाले आणि हवा बंद केल्यावर पिल्लांचा दाट थर उजेडाच्या बाजूला गोळा झाला. एवढी तपासणी करूनही ज्याची फसवणूक होते, त्याला ‘तुम्ही चौकशी करायला हवी होती’ असे सुनावणाऱ्यांना मी सांगतो की मी चौकशी केली होती; खोटेपणा पुढच्या टप्प्यावर झाला.

विक्रेत्याने घाई करण्यासाठी जे कारण पुढे केले, ते खोटे असते तर मला लगेच संशय आला असता. अमेरिकेतील युटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्याची पातळी घटली आहे, क्षारता वाढून आर्टेमियावर ताण आला आहे, त्यामुळे पुढे माल मिळणार नाही, असे तो म्हणाला. नोव्हेंबर 2022 मध्ये ग्रेट सॉल्ट लेकच्या पाण्याने नोंदींच्या इतिहासातील नीचांक गाठला होता, हे खरेच आहे. आर्टेमिया समुद्राहून कितीतरी अधिक खारट पाण्यात जगतो आणि मासे तेथे टिकत नसल्यामुळे सुरक्षित राहतो. पण क्षारता एका मर्यादेपलीकडे गेली की त्यालाही ती सोसत नाही, हेही खरे आहे. खऱ्या संकटाच्या बातमीत खोटा माल गुंडाळून दिला की जाणकार माणूससुद्धा मान डोलावतो. तसेच झाले.

आता ज्या क्षणाची आठवण मला आजही झोपू देत नाही, त्याकडे येतो. उरलेली 30 टक्के रक्कम पाठवण्यापूर्वी विक्रेत्याने डब्याच्या वेष्टनाचे छायाचित्र पाठवले होते. त्यावर काढणीचा महिना जून असा स्वच्छ छापलेला होता. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये सिस्टची काढणी 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि 31 जानेवारीला संपते. पाण्यातील सिस्टचे प्रमाण लिटरला 21 च्या खाली गेले तर राज्याचा वन्यजीव विभाग ती त्याआधीच थांबवतो, म्हणजे पुढच्या वसंतात नवी पिढी उभी राहण्याइतकी अंडी तळ्यात शिल्लक राहतात. शिवाय परिस्थिती अनुकूल असते तेव्हा मादी थेट जिवंत पिल्लांना जन्म देते. परिस्थिती बिघडू लागली की ती कठीण कवचाची, सुप्तावस्थेत जाणारी अंडी घालते. म्हणून शरद ऋतूत या अंड्यांचे तपकिरी-तांबूस पट्टे पाण्यावर तरंगताना विमानातूनही दिसतात आणि नौका त्यांना तरंगत्या कुंपणाने वेढून उपसून घेतात. जूनमध्ये काढणी? त्या तळ्यात? हे सगळे मला पाठ होते. छायाचित्र मी मोठे करून पाहिले, तुकडी (बॅच) क्रमांक वहीत उतरवून घेतला, वजन तपासले, आणि महिन्यावरून नजर सरळ पुढे गेली. कारण त्या वेळी माझ्या टाक्यांमध्ये मत्स्यजिऱ्यांचा (माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा) पीतक, म्हणजे अंड्यातून सोबत आलेला अन्नसाठा, संपत आला होता आणि त्यांना पोहता येऊ लागताच खाद्य द्यायचे होते. ज्याच्या टाकीत हजारो तोंडे उघडणार आहेत, तो माणूस कालगणना करत बसत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

डबा उघडताना निर्वात झाकण सुटल्याचा आवाज आला नाही. आतून कुबट वास आला. सिस्टमधील ओलावा साधारण 10 टक्क्यांच्या वर गेला तर आतील गर्भाची जीवनक्रिया अर्धवट सुरू होते, ऊर्जेचा साठा खर्च होतो आणि अंडे उबण्याआधीच निकामी होते. म्हणूनच चांगला माल अगदी कोरडा करून निर्वात किंवा नायट्रोजन भरलेल्या डब्यात ठेवतात. चिमूटभर माल गोड्या पाण्यात टाकल्यावर पांढरट कण विरघळले, म्हणजे मीठ. तास-दीड तासानंतरही निम्म्याहून अधिक कण वरच तरंगत राहिले, म्हणजे रिकामी कवचे. कोरडे सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली एका बाजूने दबलेल्या चेंडूसारखे दिसते आणि पाणी शोषले की गोल होते. येथे मात्र फाटलेली, पोकळ टरफलेच जास्त होती.

यातील सर्वांत मोठे नुकसान पैशांचे नाही. पुरेशी पिल्ले मिळेनात म्हणून मी सिस्टचे प्रमाण वाढवले, तेव्हा न उबलेली अंडी आणि कवचे वेगळी करता येईनात. मत्स्यजिऱ्यांनी ती गिळली. ती पचत नाहीत, आतडे अडते. पोट फुगून पिल्ले तळाशी बसली आणि चार टाक्यांतील बहुतेक सगळी पिल्ले मेली. त्या नुकसानाची नोंद कोणत्याही पावतीवर नाही.

विक्रेत्याने दिलेल्या प्रमाणपत्रातील चलाखी सर्वांनी नीट समजून घ्यावी, कारण माझी तक्रार तिच्यावरच अडली आहे. ‘उबवणीची टक्केवारी’ फक्त भरलेल्या अंड्यांवर काढतात. डब्यात किती मीठ, वाळू आणि टरफले आहेत, याचा तिच्याशी काही संबंध नसतो. अर्धा डबा कचऱ्याने भरला, तरी उरलेल्या अर्ध्या भागाची टक्केवारी 90 दाखवता येते. खरा आकडा हा एका ग्रॅमला किती पिल्ले निघाली, हा आहे, आणि तो माझ्या प्रमाणपत्रावर कोठेही नव्हता. यापुढे तो लेखी मिळाल्याशिवाय पैसे पाठवू नका.

तक्रार घेऊन मी पोलिसांकडे गेलो, तेव्हा हा दोन व्यावसायिकांमधील दिवाणी वाद असल्याचे सांगून मला परत पाठवण्यात आले. बँकेचे म्हणणे असे की रक्कम खातेदाराने स्वतःच्या संमतीने पाठवली आहे, त्यामुळे ती रोखता येत नाही. ग्राहक तक्रार कार्यालयाने खरेदी व्यवसायासाठी असल्यामुळे मी ग्राहकच ठरत नाही, असे लेखी कळवले. मत्स्य विभागात गेलो तर तेथे मासे आणि मत्स्यबीज पाहतात, खाद्य नाही. पशुखाद्य विभागात गेलो तर त्यांच्या मते सुप्त अंडी हे खाद्य नाही. मग ते काय आहे? एका अधिकाऱ्याने प्रमाणपत्र उलटसुलट पाहून ‘90 टक्के तर लिहिले आहे’ असे म्हटले आणि माझी मोजणीची वही उघडूनही पाहिली नाही. मी त्यांच्यासमोर एक ग्रॅम लावून दाखवायला तयार होतो. त्यासाठी एक लिटर मिठाचे पाणी, हवेचा पंप आणि एक दिवस लागतो. एवढा एक दिवस कोणत्याही कार्यालयाला सापडला नाही. फसवणाऱ्याला मात्र या साऱ्या खिडक्यांमधील फटी कोठे आहेत, हे नेमके माहीत आहे. म्हणूनच माझ्या तक्रारीच्या बदल्यात दोन डबे ‘सदिच्छा’ म्हणून पाठवण्याची तयारी त्याने दाखवली. मी ते नाकारले, कारण स्वीकारले असते तर वाद मिटल्याची पावती त्याला मिळाली असती.

संपूर्ण रक्कम माल हातात येण्याआधी देऊ नका. नमुन्यावर विश्वास ठेवू नका. आलेल्या मालातील कोणताही एक डबा तुम्ही निवडा आणि तोच तपासा. एक ग्रॅम सिस्ट एक लिटर पाण्यात लावा, 24 तासांनी पाणी नीट ढवळून पाव मिलिलिटर घ्या, आयोडीनचा थेंब टाकून पिल्ले स्थिर करा, मोजा आणि आकड्याला 4,000 ने गुणा. चांगल्या मालात पाव मिलिलिटरमध्ये 50 च्या वर पिल्ले यायला हवीत. माझ्याकडे 9 आली. डबा उघडताना सुरुवातीपासून अखंड चित्रण करा, कारण ते नसेल तर ‘तुम्हीच माल बदलला’ हे उत्तर तयार असते. काढणीचा महिना आधी वाचा. ग्रेट सॉल्ट लेकच्या नावावर फेब्रुवारी ते सप्टेंबरमधील कोणताही महिना दिसला, तर तो डबा परत करा. न उबलेली अंडी आणि टरफले माशांच्या पिल्लांच्या टाकीत जाऊ देऊ नका, मग माल कितीही महाग का असेना.

उरलेले न उघडलेले डबे मी तुकडी क्रमांकासह जपून ठेवले आहेत आणि ते कोणत्याही तपासणीसाठी देण्याची माझी तयारी आहे. तोच माल आता वेगळ्या नावाच्या वेष्टनात विकला जात आहे. जून महिना छापलेला तुकडा तेवढा काढून टाकला आहे, पण डब्याच्या तळाशी ठोकलेला क्रमांक बदललेला नाही. तुमच्याकडे डबा आला असेल, तर झाकणाला हात लावण्यापूर्वी तो उलटा करून तळ पाहा.