दम्यावरचे घरगुती उपाय: कुठला ठेवावा, कुठला सोडावा

दम्यात श्वासनळीचं अस्तर कायम थोडं सुजलेलं असतं. त्यात धूळ, धूर किंवा गार वारा लागला की भोवतीचे स्नायू आवळतात आणि छाती वाजू लागते. कफ आणि खोकला मागून येतात. उपाय निवडताना आधी विचारावं की हा नेमका कशावर चालतो: घशावर, कफावर, आवळलेल्या स्नायूंवर की सुजेवर? बहुतेक काढे पहिल्या दोघांपाशीच थांबतात. सुजेसाठी स्टिरॉइडचा पंप लागतो, त्याची जागा घेईल असं स्वयंपाकघरात काही नाही. म्हणून ही तुलना उपायांची आपापसातली आहे, पंप चालू आहे असं धरून.

कफ सुटायला: अडुळसा, ज्येष्ठमध की सितोपलादि?

यात अडुळसा सरस. त्याच्या पानातल्या व्हॅसिसिनवरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं आणि खोकल्याच्या कितीतरी सिरपांत ते असतं. लोकांचं चुकतं ते रस काढताना. कच्चं पान कितीही चेचलं तरी रस जेमतेम निघतो, मग पाणी घालून मिक्सर फिरवला जातो आणि पोटात जातं ते कडू हिरवं पाणी. त्यापेक्षा आठ-दहा पिवळट पानं धुऊन इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवावीत, कोमट असतानाच वाटून फडक्यातून पिळावीत. दोन चमचे रस, एक चमचा मध, दिवसातून दोनदा, पाच-सात दिवस. गरोदरपणात अडुळसा नको, कारण व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नये.

ज्येष्ठमध कोरड्या खोकल्याला बरा. काडी चघळायला हरकत नाही, पण चमचाभर पूड रोज, महिनोन्महिने, हे नको. त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. साल्बुटामॉलचा, म्हणजे दम लागल्यावर नळी लगेच उघडणारा पंप वारंवार मारणाऱ्याचं पोटॅशियम आधीच खाली येत असतं. त्यात लघवीची गोळी चालू असली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

सितोपलादि चूर्णाचं प्रमाण ठरलेलं आहे: खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच. मुलं मिटक्या मारत खातात त्याचं कारण हेच, आणि मधुमेह्याने लांब राहावं त्याचंही. पिंपळी आणि मिरी यांच्यातलं पायपरिन थिओफायलिन या श्वासनळी उघडणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. दम्याच्या जुन्या रुग्णांपैकी काहींना थिओफायलिनच्या गोळ्या अजून चालू असतात. अशांना चूर्ण सुरू केल्यावर मळमळ, धडधड झाली तर ती पित्ताची म्हणून सोडून देऊ नये.

हळद-दुधाने, आल्याच्या चाटणाने घशाला ऊब मिळते. तेवढंच.

वाफ आणि धुरी

वाफेने नाक मोकळं होतं, श्वासनळीची सूज उतरत नाही. उकळत्या पातेल्यावर मूल बसवलं तर भाजण्याचा धोका वेगळाच. निलगिरीच्या नुसत्या उग्र वासानेही काहींना दम लागतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नये, कापूर पोटात गेला तर झटके येतात. ओव्याची धुरी सरळ बंद करावी. श्वासनळीला धूर तो धूर, मग तो ओव्याचा असो, उदाचा असो की डासांच्या कॉइलचा.

स्नायूंवर खरंच चालणारे

काळी कॉफी इथे मोडते. कॅफीन हे थिओफायलिनच्याच कुळातलं. चाचण्यांमध्ये त्याने फुप्फुसांची क्षमता थोडी वाढलेली दिसली आहे, सुमारे चार तासांपर्यंत. (स्पायरोमेट्री या फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीआधी कॉफी टाळायची ती यासाठीच.) साल्बुटामॉलचा पंप घरी राहिला आणि एसटीत छाती घुरघुरू लागली तर दोन कडक कप प्यावेत आणि उतरल्यावर आधी औषधाचं दुकान गाठावं.

सोमलतेतल्या (एफेड्रा) एफेड्रिनचा जोर कॉफीहून मोठा, पण ते हृदयालाही तसंच पळवतं. एफेड्रा घातलेल्या पूरक गोळ्यांवर अमेरिकेने २००४ मध्ये बंदी घातली. धोतऱ्याची वाळलेली पानं ओढण्यानेही नळी उघडते, मात्र विषाचं प्रमाण पानागणिक बदलतं आणि भ्रम, डोळ्यांपुढे अंधुक, लघवी तुंबणे इथवर गोष्ट जाते. दम्यावरच्या कनकासव या आयुर्वेदिक औषधातला ‘कनक’ म्हणजे धोतराच. तशाच श्वासकुठार रसात पारा, बचनाग ही विषारी मुळी आणि आर्सेनिक असलेली मनशीळ असते. ही दोन्ही वैद्याने तपासून दिली तरच घ्यावीत, दुकानातून मागून आणू नयेत.

वर्षातून एकदाचं औषध, आणि पुडी

हैदराबादला मृगाच्या सुरुवातीला मरळ माशाच्या तोंडात औषध भरून तो गिळायला देतात. आपल्याकडे कोजागरीला खिरीतून औषध वाटतात. अस्तराची सूज रोज नव्याने जागी होत असते, एका घासाने ती वर्षभर दबत नाही. तरी जायचंच असेल तर साल्बुटामॉलचा पंप खिशात हवा, कारण कोजागरीच्या रात्री दव आणि गर्दी दोन्ही असतात.

त्याहून भीती बिननावाच्या पुडीची. तीन दिवसांत दम गायब, भूक दुप्पट, महिन्याभरात चेहरा गोल आणि साखर वर, असं झालं तर पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची शक्यता दाट. अशी पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. पुडी घेऊन डॉक्टरकडे जावं.

घरात करण्याजोगं

चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, त्याने धुळीतले किडे मरतात. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवावं. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, बुरशी त्या फटीतच धरते. प्राणायामात अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय आणि भ्रामरी, रोज दहा मिनिटं. भस्त्रिका, कपालभाती नको: जोरजोरात ओढलेल्या हवेने नळ्या कोरड्या पडतात आणि आवळतात.

लागू पडतंय का, हे कसं कळणार?

पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर श्वासाचा वेग दाखवणारं छोटं यंत्र, घ्यावा. सकाळ-संध्याकाळ उभं राहून तीन फुंका, त्यातला सर्वांत मोठा आकडा वहीत. दोन आठवडे उपायाशिवाय, पुढचे दोन आठवडे एकच उपाय जोडून. तीन काढे एकदम सुरू केले तर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली घसरण राहिली तर डॉक्टरांना दाखवावं. ५० टक्क्यांखाली गेला, किंवा बोलताना वाक्य पुरं होईना, तर गॅसवर काढा चढवू नये. साल्बुटामॉलचे ४ ते १० फवारे स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) एकेक करून द्यावेत, २० मिनिटांनी पुन्हा, आणि दुसरा डोस रुग्णालयाच्या वाटेवरच द्यावा.