भाड्याची फोल्डिंग इलेक्ट्रिक व्हीलचेअर: पुण्याहून सहलीला नेताना

रोजच्या वापरातली लेड-ॲसिड बॅटरीची इलेक्ट्रिक व्हीलचेअर सहज ५०-६० किलो भरते. ती गाडीत चढवायला दोन दणकट माणसं लागतात, आणि दोघंच सहलीला निघाले असतील तर त्यातला एक जण खुर्चीत असतो. अशा वेळी पुण्यात आठवड्याच्या बोलीवर भाड्याने मिळणारी लिथियम बॅटरीची फोल्डिंग खुर्ची घेणं केव्हाही बरं. ॲल्युमिनियमचा सांगाडा, वजन २५ ते ३० किलो, मागच्या दोन चाकांना दोन मोटर, हाताशी जॉयस्टिक. कोकण असो, महाबळेश्वर असो, नाहीतर विमानाचा प्रवास, आमची पसंती हिलाच. फक्त घेताना काही गोष्टी आपण स्वतः तपासायला हव्यात.

सगळ्यात आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॅट-तास. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे २४०. २४ व्होल्ट, १२ म्हणजे २८८. आणि २४ व्होल्ट, २० म्हणजे ४८०. विमानाने जायचं असेल तर हा आकडा निर्णायक आहे. फोल्डिंग खुर्चीची लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये जवळ ठेवावी लागते आणि तिची मर्यादा ३०० वॅट-तास आहे. खुर्ची दोन बॅटऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येकी १६०. ‘जास्त लांब चालते’ म्हणून दाखवलेली २० अँपिअर-तासांची बॅटरी विमानतळावर अडते. बॅटरीची टोकं चिकटपट्टीने झाका, लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवा. निदान ४८ तास आधी तरी कळवायलाच हवं. लेबल पुसट झालेली बॅटरी दुकानातच बदलून मागा.

कंपनी एका चार्जमध्ये १५-२० किलोमीटर म्हणते, पण ते सपाट रस्त्यावर आणि हलक्या माणसासाठी. ८० किलोचा माणूस आणि महाबळेश्वरचा चढउतार असेल तर त्याच्या निम्मंच धरून बेत आखा. २ अँपिअरचा चार्जर १२ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला सहा-सात तास घेतो, म्हणजे चार्जिंग रात्रीचंच. हॉटेलात खाचेत कार्ड घालून वीज चालू होत असेल तर जेवायला जाताना कार्ड काढलं की चार्जरही बंद पडतो आणि सकाळी बॅटरी अर्धीच भरलेली निघते. अशा खोल्यांत फ्रिजचा प्लग बहुतेक वेळा चालू राहतो. चार्जर तिथे लावा आणि दिवा लागलाय ना ते पाहूनच खोलीबाहेर पडा.

आता गाडी. पुण्यातल्या बऱ्याच भाड्याच्या गाड्या सीएनजीच्या, आणि डिकीत टाकी. घडी घातलेली खुर्ची तिथे मावत नाही. बुकिंग करतानाच डिझेल किंवा पेट्रोलची गाडी मागा, मागची सीट पाडता येईल अशी. उचलण्याचा क्रम असा: आधी खुर्ची बंद, मग बॅटरी बाहेर (तेवढेच दोन-तीन किलो कमी), मग घडी. घडी घालताना जॉयस्टिकची वायर हाताखालच्या पट्टीत चिमटते. भाड्याच्या खुर्च्यांत सगळ्यात जास्त बिघडते ती हीच जागा. वायरच्या जोडापाशी टेप गुंडाळलेला दिसला तर दुसरी खुर्ची मागा.

सोबत्याने क्लचची सवय घरीच करून घ्यावी. दोन्ही मोटरचे लिव्हर फिरवले की खुर्ची हाताने ढकलता येते, पण त्याच क्षणी मोटरचा ब्रेकही सुटतो. उतारावर हे लिव्हर कधीच फिरवू नका. एकच लिव्हर फिरवला तर खुर्ची एका बाजूला ओढते आणि लोकांना वाटतं चाक बिघडलं.

सीट हा या खुर्चीचा खरा कच्चा दुवा. दोन इंचांचा फोम. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना त्यावर दिवसभर बसवणं म्हणजे बेडसोरला आमंत्रण. स्वतःची रोजची गादी न्या. मात्र तिच्यामुळे बसण्याची उंची दोन-तीन इंच वाढते: पाय फूटरेस्टवरून लोंबकळतात, कोपर हाताच्या पट्टीवर टेकत नाही, जॉयस्टिक खाली जाते. दुकानातच गादी ठेवून बसवून पाहा आणि फूटरेस्ट वर घेऊन द्यायला सांगा. पाठ मागे कलणारी किंवा डोक्याला आधार असलेली खुर्ची लागणाऱ्यांनी ही घेऊच नये.

सोबत मिळणारा घडीचा रॅम्प उपयोगी आहे, पण हिशोब करून. नियम एकास बाराचा: सहा इंचांच्या पायरीला सहा फूट रॅम्प. पाच फुटांचा चालून जातो. तीन पायऱ्यांना, म्हणजे १८ इंचांना, तोच सहा फुटी रॅम्प लावला तर चढ साडेचौदा अंशांचा होतो आणि खुर्ची मागे कलंडते. ‘फक्त तीनच पायऱ्या आहेत’ असं हॉटेलवाला म्हणाला की दुसरं हॉटेल शोधा.

आणि बाथरूम. खुर्चीची रुंदी ६० ते ६५ सेंटिमीटर, आणि साध्या लॉजच्या बाथरूमचं दार कित्येकदा दोन फुटांचं, त्यात दाराच्या फळीची जाडी वजा. वर दोन-तीन इंचांचा उंबरा. ‘व्हीलचेअर चालते का’ या प्रश्नाला ‘हो’च उत्तर येतं, त्याऐवजी दाराच्या चौकटीत मोजपट्टी धरून काढलेला फोटो मागवा. दुसरा फोटो कमोडच्या बाजूच्या मोकळ्या जागेचा.

निघण्याआधी एक दिवस मेट्रोत खुर्ची चालवून पाहा. स्थानकांवर लिफ्ट आहेत, आणि लिफ्टमध्ये वळणं, गर्दीत हळू जाणं, फलाटाची फट ओलांडणं हे सगळं एका फेरीत कळतं. फटीवरून सरळ काटकोनात जा. तिरकं गेलं की पुढचं छोटं चाक आडवं होऊन फटीत अडकतं.

तेच छोटं चाक किनाऱ्यावरच्या कोरड्या वाळूत रुततं, आणि मोटर जोर लावत राहिली की कंट्रोलर तापून बंद पडतो. ओल्या, घट्ट वाळूवर काही अंतर जाते, पण पाण्यात नको. खारं पाणी चाकाच्या आसाशी गेलं की गंज धरतो. परतल्यावर ओल्या फडक्याने चाकं आणि सांधे पुसा, आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. चार्जर, रॅम्प आणि खुर्ची यांचे नेतानाचे आणि परत देतानाचे फोटो जवळ असले की डिपॉझिटवरून वाद होत नाही.